सूर लागतो, सूर लावतात : संगीताच्या परिभाषेची भाषांतरे

वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ साली आले. त्याचा स. ह. देशपांडे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७३ साली ‘इंडियन म्युझिकल ट्रॅडिशन्स’ या नावाने निघाला. मराठीतले दोन शब्द आणि इंग्रजीतले तीन शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. ‘घरंदाज’ म्हणजे घराण्याचे, आणि ‘घरंदाज’ म्हणजे खानदानी, मर्यादा सांभाळणारे. हा श्लेष शीर्षकातच पुस्तकाची भूमिका सांगून टाकतो. ‘गायकी’ म्हणजे गाणे नव्हे, गाण्याची रीतही नव्हे. एखाद्याच्या गळ्यात मुरलेली, पिढ्यांमधून आलेली आणि तरी त्याची स्वतःची झालेली अशी चीज. ‘ट्रॅडिशन्स’मध्ये यातले थोडेसेच उतरले आहे. अनुवादकाला दोष देण्यासारखे यात काही नाही. त्यांच्या जागी कोणीही असता तरी हेच, किंवा याहून वाईट, झाले असते.

हा विषय माझ्या मानगुटीवर बसला त्याला आता वीसेक वर्षे होतील. दारव्ह्यात माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. गाणे मी रीतसर शिकलो नाही. भजनी मंडळात पेटी वाजवतो, आणि गावातली मुले संगीताच्या परीक्षांना बसतात तेव्हा त्यांची पुस्तके मागवून देतो. मराठी पुस्तके बहुधा संपलेली असतात, म्हणून हिंदी मार्गदर्शिका येतात. ती वाचून मुले दुकानात येऊन शब्द विचारू लागली आणि मी चिठ्ठ्या करू लागलो. आज त्या चिठ्ठ्या बुटांच्या नऊ खोक्यांत आहेत. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी त्यांचा कोश छापायची तयारी दाखवली. अट एकच : प्रत्येक शब्दापुढे एका शब्दात इंग्रजी प्रतिशब्द हवा, नाहीतर पुस्तक ग्रंथालयांत खपणार नाही. ती अट मान्य करता येईल का, हे तपासायला मी बसलो. त्या तपासणीतून हा लेख निघाला आहे.

संगीताच्या शब्दांची भाषांतरे आपल्याकडे इंग्रजांमुळे सुरू झाली असा समज असतो. तो खरा नाही. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या पदरी लिहिला गेला. लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेला. स्वतः शार्ङ्गदेव ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. (वामनराव देशपांडेही चार्टर्ड अकौंटंट होते. हिशेबाचा आणि संगीतशास्त्राचा काहीतरी संबंध असला पाहिजे.) ग्रंथ संस्कृतात आहे, पण त्यातले पुष्कळ शब्द संस्कृत नाहीत. गवयांच्या तोंडी जे देशी शब्द होते ते शार्ङ्गदेवाने उचलून श्लोकांत बसवले. ‘ढाल’ नावाचा एक स्थाय, म्हणजे सुरावटीचा एक तुकडा, तो सांगतो; मोती घरंगळावा तशी ही सुरांची हालचाल. हा शब्द वाचताना मला आमच्या शेताचा ढाळ आठवतो. प्रबंधांच्या यादीत ‘ओवी’ आहे. त्याच्या शंभर वर्षे आधी, ११२९च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही ओवी येते, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ती गातात असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. या दोघांनाही ‘ओवी’चे संस्कृत करावेसे वाटले नाही. वस्तू जिथली, शब्द तिथला, असे त्यांचे धोरण दिसते. मला ते फार शहाणपणाचे वाटते.

पुढे फारसीतही असेच झाले. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या नावाशी जोडलेला ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ औरंगजेबाच्या काळातल्या फकीरुल्ला या सरदाराने १६६६ साली फारसीत नेला. ‘रागदर्पण’ ते हेच. रागांची नावे त्याने तशीच ठेवली. त्याआधीच्या शतकात पुंडरीक विठ्ठल हा कर्नाटकातला पंडित खानदेशच्या फारुकी दरबारात आला, आणि दक्षिणेचे शास्त्र शिकलेल्या त्या माणसाने उत्तरेचे राग दक्षिणेच्या भाषेत मांडायचा प्रयत्न केला. खानदेशात, म्हणजे आपल्या उंबरठ्यावर, हे घडले याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवलेली नाही.

आधुनिक काळातले सगळ्यात मोठे भाषांतरकार मात्र पं. विष्णु नारायण भातखंडे. त्यांना कोणी भाषांतरकार म्हणत नाही, पण त्यांचे काम तेच होते. १९१०च्या सुमारास त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मग ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिले, आणि त्यांत चतुरपंडिताचे आधार एखाद्या परक्या ग्रंथकाराचे द्यावेत तसे दिले. मुसलमान उस्तादांच्या गळ्यातली विद्या आधी संस्कृतात नेली, मग संस्कृतातून मराठीत आणली. हिंदी वाचकांना ती पुढे मराठीतून हिंदीत गेलेली मिळाली. आज दारव्ह्यातली मुलगी हिंदी मार्गदर्शिकेतून ‘वादी स्वर’ पाठ करते तेव्हा तो शब्द इतक्या घरांतून फिरून तिच्या दारी आलेला असतो.

आणि फिरताना तो बदलतो. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘वादी’ आणि ‘संवादी’ हे दोन स्वरांमधले नाते आहे. नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असलेले स्वर एकमेकांचे संवादी. सुरावटीत जो स्वर मुख्य असतो त्यासाठी ‘अंश’ हा शब्द होता. भातखंड्यांच्या पद्धतीत अंशाचे काम वादीकडे आले. वादी रागाचा राजा झाला, संवादी त्याचा प्रधान झाला, आणि वादी पूर्वांगात की उत्तरांगात यावरून रागाची वेळही ठरू लागली. शब्द जुनाच राहिला, अर्थ नवा झाला. इंग्रजीत याला कोणी ‘सोनंट’ म्हणाले, कोणी ‘डॉमिनंट’. त्यातला दुसरा शब्द सरळ सरळ घातक आहे, कारण पाश्चात्त्य संगीतात ‘डॉमिनंट’ म्हणजे सप्तकाचा पाचवा स्वर, आपला पंचम. यमनाचा वादी गांधार. आता ज्याला इंग्रजी संगीत येते त्याने ‘यमनाचा डॉमिनंट गांधार’ हे वाक्य वाचून काय समजावे? आमच्या तबलजींना ‘वादी’ म्हटले की तबल्याच्या खोडाभोवती ओवलेली चामड्याची पट्टी आठवते, ते वेगळेच.

‘शुद्ध’ या शब्दाची गोष्ट याहून बोधक आहे. तो उत्तरेतही चालतो आणि दक्षिणेतही, दोन्हीकडे तोच संस्कृत शब्द, म्हणून भाषांतराची गरजच नाही असे वाटते. नेमकी तिथेच फसगत होते. आपल्याकडे शुद्ध स्वर म्हणजे बिलावल थाटाचे स्वर. दक्षिणेत ‘शुद्ध’ म्हणजे त्या स्वराचे सगळ्यात खालचे रूप. म्हणून त्यांचा शुद्ध रिषभ हा आपला कोमल रिषभ, आणि त्यांचा शुद्ध धैवत हा आपला कोमल धैवत. त्यांचा शुद्ध गांधार तर आपला शुद्ध रिषभ आहे. त्यांच्या पहिल्या मेळात, कनकांगीत, सगळे स्वर शुद्ध. पण ते आपल्या पेटीवर वाजवले तर सा, दोन रिषभ, मध्यम, पंचम आणि दोन धैवत एवढेच हाती लागतात. आपल्या हिशेबाने त्यात गांधारही नाही आणि निषादही नाही. आपला शुद्ध गांधार तिकडे ‘अंतर गांधार’ होतो, कोमल गांधार ‘साधारण’. शुद्ध निषाद ‘काकली’, कोमल निषाद ‘कैशिकी’. फक्त शुद्ध मध्यम तेवढा दोन्हीकडे एकच. रागांच्या नावांचेही तसेच. त्यांची तोडी आपल्या भैरवीच्या स्वरांची. आपल्या तोडीचे स्वर त्यांच्या शुभपंतुवराळीत सापडतात. त्यांचा हिंडोलम् ऐकला तर आपण मालकंस म्हणू. आपला हिंडोल निराळाच.

भातखंडे १९०४ साली दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले, आणि व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’तले बहात्तर मेळ त्यांनी नीट समजून घेतले. परत येऊन दहा थाट ठरवताना त्यांनी ‘मेळ’ हा शब्द आणला नाही. ‘थाट’ हा सतारियांचा शब्द आहे. रागाप्रमाणे सतारीचे पडदे सरकवून बसवायचे, ती बैठक म्हणजे थाट. कल्पना दक्षिणेची आणि शब्द उत्तरेच्या कारागिराचा. दहा थाटांत सगळे राग बसतात की नाही हा वाद आजही चालू आहे, आणि टीकाकारांचे पुष्कळ म्हणणे मला पटते. पण शब्दाची निवड मात्र अचूक होती. मराठी माणसाला ‘थाट’ म्हटल्यावर मांडणी, बैठक, थाटमाट असे सगळे एकदम दिसते.

आता ‘लय’. माझ्या खोक्यांतली सगळ्यात जाड गड्डी या एका शब्दाची आहे. इंग्रजीत याला ‘टेम्पो’ म्हणतात, कधी ‘ऱ्हिदम’. मराठीतही ‘गती’ असे लिहिलेली पुस्तके आहेत. ‘रत्नाकरा’त मात्र लयीची व्याख्या वेगळ्याच दिशेने केली आहे. हाताची एक क्रिया झाल्यावर पुढची क्रिया होईपर्यंत जी विश्रांती असते ती लय. द्रुतात ही विश्रांती सगळ्यात कमी, मध्य लयीत तिच्या दुप्पट, विलंबितात त्याच्याही दुप्पट. म्हणजे ‘टेम्पो’ ठोके मोजतो आणि ‘लय’ दोन ठोक्यांमधली जागा मोजते. गणिताने दोन्ही एकच येईल. घड्याळ लावले तर आकडा तोच पडेल. पण गाणाऱ्याचे लक्ष कुठे असते याचा विचार केला की फरक कळतो. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमरा गात. त्या लयीत एका मात्रेनंतर दुसरी मात्रा यायला इतका वेळ लागतो की ठोके मोजणारा कंटाळून जाईल. तिथे सगळे काम मधल्या रिकाम्या वेळातच आहे. अशा गाण्याला ‘स्लो टेम्पो’ म्हणणे म्हणजे उपवासाला ‘कमी जेवण’ म्हणण्यासारखे आहे. शिवाय मराठीत लय म्हणजे विलीन होणेही. तो अर्थ संगीताच्या व्याख्येत नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात असतोच.

‘घरंदाज गायकी’चा सगळा सिद्धान्त या शब्दावर उभा आहे. स्वर हे एक टोक, लय हे दुसरे; किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी, आणि जयपूर दोहोंचा तोल साधणारे. हा सिद्धान्त कोणाला पटो न पटो, पण ‘लय’च्या जागी ‘ऱ्हिदम’ ठेवला की तो वाचणाऱ्याला आग्र्याचे गवई म्हणजे जणू तबल्याशी झटापट करणारे लोक वाटू लागतात. फैयाज खाँसाहेबांची बोलबनाव ज्याने ऐकली आहे त्याला हे हास्यास्पद वाटेल.

मराठी आणि हिंदी या तर सख्ख्या बहिणी, तिथे कसली अडचण, असे पुष्कळांना वाटते. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना विचारा. हिंदीत तालाचे ‘विभाग’ असतात, मराठीत ‘खंड’. आणि दक्षिणेच्या पद्धतीत ‘खंड’ म्हणजे पाचाची जाती. हिंदीत ‘खाली’, जुन्या मराठी पुस्तकांत ‘काल’. हिंदीत ‘तानपूरा’, आपल्याकडे तंबोरा. त्यात लिपीची भर. भातखंडे पद्धतीत समेला फुलीची खूण आणि खालीला शून्य; पलुसकर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकाचे चिन्ह. फुली आणि अधिक यांत घाईने लिहिणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने किती फरक करावा? एका मुलीने एका पुस्तकातून ताल शिकून दुसऱ्या पद्धतीच्या खुणांनी लिहिला आणि सगळा ताल उलटा झाला. ती तबला उत्तम वाजवते. तिच्या घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी, क्लासमध्ये हिंदी पुस्तक. तिच्यासाठी ‘खाली’ हा तिसऱ्या भाषेतला शब्द आहे. हात मात्र खालीला बरोबर उचलला जातो.

कारागिरांचे शब्द या गोंधळातून बऱ्यापैकी सुटलेले आहेत. चाट, लव, शाई, गजरा, वादी, गठ्ठे, डग्गा : तबला दुरुस्त करणाऱ्याशी बोलताना हे शब्द लागतातच आणि बोट ठेवून दाखवता येतात. हिंदीत चाटेला ‘किनार’ म्हणतात, शाईला ‘स्याही’. पण बोट एकाच जागी पडते म्हणून भांडण होत नाही. माझ्या कोशात या शब्दांपुढे मी प्रतिशब्दाऐवजी चित्र घालणार आहे.

नाटकवाल्यांनी तर भाषांतराचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून छापील पदांवर ‘चाल’ देण्याची पद्धत रूढ झाली. १९११च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्यांतल्या कितीतरी चालींच्या मागे हिंदुस्थानी चिजा आहेत. शब्द मराठी झाले, चाल तीच राहिली. आमच्या भजनाच्या वह्यांतही प्रत्येक भजनावर ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ लिहिलेली असते. तर्ज फारसी, चाल मराठी, आणि एकाच वहीत दोन्ही नांदतात. मोझरीच्या गुरुकुंजातून आलेल्या खंजिरी भजनांनी वऱ्हाडात हे शब्द घरोघर नेले.

‘श्रुती’चे ‘मायक्रोटोन’ झाले त्याचा पसारा मोठा आहे, एवढेच सांगून पुढे जातो : सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना मिळाले, श्रुतींची पेटी तयार झाली, आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. श्रुती म्हणजे जी ऐकू येते ती. तिला ‘लहान स्वर’ म्हटले की ती मोजायची आणि पेटीत बसवायची वस्तू होते. देवलांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. तरी मला वाटते की त्या पेटीचा निम्मा घोळ शब्दाने केला.

चिठ्ठ्या चाळताना एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. माझ्याकडच्या नव्वद टक्के चिठ्ठ्या नामांच्या आहेत, आणि गवई बोलतात ते क्रियापदांत. राग मांडतात, खुलवतात, बढत करतात. लय धरतात, सोडतात. सम गाठतात, दाखवतात, चुकवतात. तान टाकतात किंवा घेतात, आणि ‘टाकली’ व ‘घेतली’ यांत फरक आहे. मुरकी घेतात. जागा घेतात. आणि सूर? सूर लावतात, पण सूर लागतोही. ‘त्यांनी सूर लावला’ यात कर्ता गवई आहे. ‘सूर लागला’ यात कर्ता सूर आहे. गवई नुसता तिथे बसलेला आहे. ‘आज आवाज लागला नाही’ असे बुवा म्हणतात तेव्हा ते चूक कबूल करत नसतात. काहीतरी आले नाही एवढेच सांगत असतात. दिवा लागतो, भूक लागते, ठेच लागते, तसा सूर लागतो. आमच्या वऱ्हाडीत तर ‘आता सूर लागून राह्यला’ म्हणतात, म्हणजे अजून पुरता लागलेला नाही, पण लागण्याच्या वाटेवर आहे. हिंदीत ‘सुर लगना’ आणि ‘सुर लगाना’ हा फरक जसाच्या तसा जातो. इंग्रजीत ‘टु सिंग इन ट्यून’ म्हणावे तर गाणारा पुन्हा कर्ता होऊन बसतो, आणि शिवाय अर्थ बेसूर न होण्यापुरता उरतो. बेसूर न होणे आणि सूर लागणे यांमध्ये आयुष्य जाते, असे गवई सांगतात.

अशोक दा. रानडे यांनी १९९०च्या ‘कीवर्ड्स अँड कन्सेप्ट्स’ या इंग्रजी पुस्तकात जो मार्ग घेतला तो मला योग्य वाटतो. शब्द आपला ठेवायचा आणि त्याची उकल दुसऱ्या भाषेत, लागेल तितक्या ओळींत करायची. शार्ङ्गदेवाने ‘ढाल’ आणि ‘ओवी’ ठेवली, त्याच जातीचे हे काम आहे. एका शब्दाला एक शब्द हा सौदा चाट-शाईला परवडतो, ‘लय’ला परवडत नाही.

प्रकाशकांना मी गेल्या वैशाखात तसे कळवले. प्रतिशब्दाचा रकाना काढून टाकावा, त्या जागी मराठी क्रियापदे आणि एकेक वापरातले वाक्य द्यावे, असे सुचवले. त्यांचे उत्तर आले : पृष्ठसंख्या वाढेल, विचार करू. सध्या मी क्रियापदांच्या नव्या चिठ्ठ्या करतो आहे. ‘लागणे’ आणि ‘घेणे’ झाले. ‘धरणे’ चालू आहे, कारण लय धरणे, ठेका धरणे, सूर धरणे आणि झील धरणे या चारींत धरणारा हात वेगवेगळा आहे, आणि झील धरणे म्हणजे नेमके काय हे आमच्या मंडळातल्या दोन म्हाताऱ्या टाळकऱ्यांनी दोन तऱ्हांनी सांगितले आहे. दोन्ही लिहून घेतल्या आहेत.